बांधाची पात

दिवाळीचे कंदील उतरले की खालापूरला कचेरीसमोरचं माझं दुकान ओस पडतं. दुकान म्हणजे एक टेबल, एक संगणक, एक झेरॉक्सचं मशीन आणि मी. उत्पन्नाचा दाखला, वारसनोंद, रेशनकार्डात सुनेचं नाव घालणं, ज्याला जो अर्ज हवा तो मी लिहून देते. एरवी लोक सकाळपासून माझ्या डोक्यावर बसलेले असतात. पण भात कापणीला आलं की कुणाला कसलाही दाखला नको असतो. मग मी खुर्ची दारापाशी ओढते, चहा मागवते आणि वास घेत बसते.

पिकल्या भाताचा वास थोडा गोडसर, थोडा धुळीचा. सकाळी दवाने जड असतो, दुपारी कोरडा होऊन नाकात खवखवतो. पलीकडे एक्सप्रेसवेवर ट्रक धडधडत असतात, टोलनाक्याचा धूर असतो, तरी तो वास त्यातून वाट काढत माझ्यापर्यंत येतोच. आणि आला की मला दरवर्षी तीच एक कापणी आठवते. तीन वर्षांपूर्वीची. त्या साली माझ्या दादाचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता आणि त्याच्या मुलीचा डावा हात पुन्हा जागा होत होता.

मुलगी म्हणजे दर्शना. घरात दर्शू. मी तिची आत्या. मी लग्न केलं नाही, दादाच्याच घरी राहते. का केलं नाही असं कुणी विचारलं तर त्याला रीतसर अर्ज करायला सांगते. दर्शू बॉक्सिंग खेळते. ‘खेळते’ हा शब्द मला अजून जरा विचित्र वाटतो, कारण त्या रिंगणात काय चालतं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे आणि लगोरीशी त्याचं काही नातं नाही. पण ती खेळते, आणि चांगली खेळते, आणि हे सांगताना माझा आवाज चढतो. चढू दे.

दर्शू जन्माची डावरी. पहिला घास डाव्या हाताने, पहिली रेघ डाव्या हाताने. चिंचा पाडायला दगड मारायची तोही डाव्या हाताने, आणि नेम असा की सांगेल तीच चिंच खाली यायची. घरातली शिकलेली बाई म्हणून तिचा अभ्यास माझ्याकडे होता. मी तिच्या डाव्या हातातली पेन्सिल काढून उजव्यात द्यायची. ती पुन्हा डाव्यात घ्यायची. मी पुन्हा काढायची. देवळात प्रसादाला डावा हात पुढे आला की मी हळूच चापट मारायची. त्यात दुष्टपणा नव्हता. मला वाटायचं, मुलीला वळण लागतंय.

तरीही तो हात लपतछपत आपलं काम करतच होता. तो खरा बंद झाला शेतात.

आमच्याकडे कापणीला माणसं एका रांगेत वाकतात. ज्याच्या त्याच्या समोर जो पट्टा येतो त्याला पात म्हणायचं. आपली पात कापत पुढे सरकायचं आणि मुठीतलं भात बाजूला आडवं टाकायचं. सगळ्यांत डावीकडची, बांधाला लागून असलेली पात म्होरक्याची. तिथे जो असेल त्याच्या वेगाने सगळी रांग चालते. आमच्या आळीत ती पात अनसूयाकाकूंची. शेजारच्या घरातल्या, अंगाने काटकुळ्या, बोलायला कमी, पण विळा हातात आला की यंत्र. वीस वर्षांत त्यांना बांधावरून कुणी हलवलं नव्हतं. नवशिक्या पोरांना त्यांच्या उजव्या अंगाला उभं करायचं, म्हणजे पोरं बघून शिकतात, अशी रीत.

दर्शू अकरा वर्षांची झाली तशी तिलाही तिथेच उभी केली. काकूंचा विळा उजव्या हातात, दर्शूचा अर्थातच डाव्या. म्हणजे दोन विळे शेजारी शेजारी आणि मध्ये वीतभर भात. कुणाच्याही ते लक्षात आलं नाही. अर्ध्या तासात भाताच्या एकाच ठोंबावर दोघींचे हात पडले, दर्शूचा विळा घसरला आणि काकूंच्या करंगळीचं टोक गेलं.

काकू ओरडल्या नाहीत. डोक्याचा रुमाल सोडून त्यांनी बोटाला गुंडाळला आणि थिजून उभ्या राहिलेल्या पोरीला म्हणाल्या, “नाय गं, नाय लागलं मला. तू घाबरू नको.” पण रुमाल भराभर लाल होत होता आणि दर्शू त्याच्यावरून नजर काढत नव्हती. त्या संध्याकाळी सगळ्यांचं एकमत झालं, की पोरीने डाव्या हातात पुन्हा विळा धरायचा नाही. त्या एकमतात सगळ्यांत मोठा आवाज माझा होता. पुढच्या कापणीला मी स्वतः तिच्या उजव्या मुठीत विळा बसवला आणि दुकान बंद ठेवून तिच्या पाठीशी उभी राहिले. तिने निमूट हात बदलला. मग जेवायचा बदलला, लिहायचा बदलला. मुलीने ऐकलं, याचं मला तेव्हा केवढं कौतुक वाटलं होतं!

शिळफाट्याला एका गॅरेजच्या मागे पत्र्याची शेड आहे. दर्शू नववीत असताना आम्ही दोघी बिघडलेला प्रिंटर दुरुस्तीला घेऊन तिकडे गेलो होतो. शेडमधून धप धप आवाज येत होता. दर्शूने दारातून आत डोकं घातलं, ते अजून बाहेर काढलेलं नाही. आत सुर्वे सर होते. खोपोलीच्या एका कारखान्यात फिटर, तरुणपणी कंपनीच्या संघातून लढलेले, नाक दोन ठिकाणी बसकं. त्यांनी विचारलं, “काय पाहिजे?”

दर्शू म्हणाली, “मला मारायला शिकायचंय.”

“कुणाला मारायचंय?”

तिने जरा विचार केला. “ते नंतर बघू.”

सर हसले, मीही हसले. प्रिंटर महिनाभर तसाच पडून राहिला.

मग सुरू झाली तिची धावपळ. घरापासून गावच्या फाट्यापर्यंत वीस मिनिटं पायी, तिथून एसटी नाहीतर सहा आसनी, शेडवर दोन तास, आणि त्याच वाटेने परत. पहाटे ती डोंगराकडच्या रस्त्याने पळायची. घाटात ठाकुरवाडीच्या अंगाला आगगाडीचा भोंगा वाजला की मागे फिरायचं, हे तिचं घड्याळ. वहिनी एका फार्महाऊसवर स्वयंपाकाला जाते. तिथे पाहुण्यांसाठी उकडलेली अंडी उरली की मालकिणीला विचारून ती डब्यात घेऊन यायची, आणि दर्शू ती चुलीपाशी उभ्या उभ्याच संपवायची. बूट एका मोठ्या मुलीचे, पुढे कापूस भरलेले. आळीतल्या बायकांना काळजी वेगळीच. “नाक मोडलं तर पोरीला करील कोण?” मी म्हणायची, “सरांचं दोनदा मोडलंय. त्यांचं झालं की लग्न!”

घरी सरावाला पिशवी हवी म्हणून दादाने एका गोणीत पेंढा ठासून भरला आणि ती गोठ्याच्या आढ्याला टांगली. पण पेंढा नीट झोडलेला नव्हता, दाणे तसेच राहिले होते. पावसाळ्यात छपराची गळती नेमकी गोणीवर. एका सकाळी बघतो तर गोणीच्या विणीतून हिरवे कोंब बाहेर आलेले. दर्शू ठोसे मारतेय आणि गोणी उगवतेय! दादा कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, “बगा, आमच्याकडं कायपन उगवतं. नुसता मार पायजे.” ती गोणी तशीच हिरवी ठेवून दर्शूने पुढे पंधरा दिवस तिला बडवलं.

असं सगळं असूनही ती एका पायरीवर अडकायची. जिल्ह्यात जिंकायची, पुढे गेली की हरायची. दोन वर्षं तसंच. बारावीच्या साली गणपती झाल्यावर सरांनी मला शेडवर बोलावून घेतलं. “मॅडम, नुसतं बघा,” म्हणाले. त्यांनी हातातलं पॅड अचानक दर्शूच्या तोंडाशी आणलं. तिचा डावा हात सुटला आणि अर्ध्या वाटेत थांबला. मग उजवा आला, पण उशिरा. सरांनी पुन्हा तेच केलं. पुन्हा तसंच झालं.

“पन्नासदा बघितलंय मी. डावा निघतो आणि मधेच कुणी धरल्यासारखा थांबतो. कोणी धरलाय हो हिचा हात?”

दर्शू माझ्याकडे बघत नव्हती. ग्लोव्हजची पट्टी सोडण्यात ती फारच गुंतली होती. शेडमधली बाकीची पोरंही थांबली होती. मी उभ्या आयुष्यात इतके अर्ज लिहिले, कारणं लिहिली, विलंबाची क्षमा मागितली, पण इथे द्यायला कारण एकच होतं. मी म्हणाले, “मी धरलाय.” आणि सगळं सांगितलं, पेन्सिल, प्रसाद, करंगळी, विळा.

सर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, “डावरा बॉक्सर समोर आला की भल्याभल्यांचा गोंधळ उडतो. लोक असा हात शोधत फिरतात. तुमच्या घरात होता आणि तुम्ही तो झाकून ठेवलात.” मग त्यांनी दर्शूला उलटं उभं केलं, उजवा पाय पुढे, डावा मागे. पुण्याला राज्य स्पर्धा कापणीच्या शेवटी होती. तिच्या वयोगटातलं तिचं ते शेवटचं वर्ष. जिंकली तर राज्याच्या संघात, हरली तर पुढे मोठ्या बायकांशी गाठ आणि सगळं पहिल्यापासून. दादाने घरी आधीच सांगून टाकलं होतं, “या साली नाय झालं तर बास. मग कालेजात लक्ष घाल.” म्हणजे माझ्याकडे दोन महिने होते. सहा वर्षं झोपवलेला हात दोन महिन्यांत उठवायचा.

त्याच पंधरवड्यात दादा गळती बघायला कौलांवर चढला आणि सरळ अंगणात उतरला. उजवा हात दोन ठिकाणी मोडला. मग दादा डाव्या हाताने जेवू लागला, डाव्या हाताने दात घासू लागला. नवरात्रात देवळात त्याने डावा हात पुढे केला, पुजाऱ्याने त्यावर प्रसाद ठेवला, आणि कुणी काही बोललं नाही. देवही काही बोलला नाही. मी शेजारीच उभी होते. मला माझ्या त्या सगळ्या चापट्या आठवल्या.

दादाचा हात गेला म्हणजे कापणी दर्शूवर आली. आमच्या आळीत सावडीने कापतात. आज सगळे मिळून तुझं शेत, उद्या सगळे मिळून माझं, आणि घरटी एक माणूस द्यायचं. वहिनीला फार्महाऊसवर सुट्टी नाही, तिथे दिवाळीनंतर पाहुण्यांची रीघ. मी विळा धरून कित्येक वर्षं झालेली. आळीत मला कापणाऱ्यांत कुणी धरतच नाही. राहिली दर्शू. सरांना हे सांगितलं तर ते खुर्चीवरून उठले. “दिवसभर उजव्या हाताने कापणार आणि संध्याकाळी मी तिला डावा शिकवणार? हात कुणाचं ऐकेल? नका पाठवू तिला.”

न पाठवून कसं चालेल? आपण सावडीला गेलो नाही तर आपल्या शेतात कोण येईल? दोन दिवसांनी दर्शूच म्हणाली, “मी जाते कापायला. पुन्याला नाय गेली तरी चालंल.”

ती ‘चालंल’ म्हणाली तेव्हा मला ती बारा वर्षांची, निमूट हात बदलणारी पोर दिसली. मला राग आला. स्वतःचाच आला, पण नेहमीप्रमाणे मी तो दुसऱ्यावर काढला. “कायपन बोलू नको! जा कापायला, पन डाव्या हातानं काप.”

“आत्या, डाव्या हातात विळा चालत नाय.”

“का नाय चालत? बहाणे नको सांगू.”

तिने खुंटीवरचा विळा काढून माझ्यासमोर धरला. मी जन्मापासून विळे बघत आले, पण त्याचे दाते कधी निरखले नव्हते. दात्यांना एकाच बाजूने उतार असतो. उजव्या हाताने ओढलं की ते भातात रुततात, डाव्या हाताने ओढलं की नुसते घसरतात. दर्शू ते मला बोटाने दाखवत होती, शांतपणे, लहान मुलाला समजवावं तसं. म्हणजे तेव्हा विळा घसरला तो तिच्या हातामुळे नव्हे. ती पोर उलट्या विळ्याने कापत होती, आणि तरी अर्धा तास काकूंच्या बरोबरीने पुढे गेली होती. “तेव्हा का नाय बोललीस गं?” मी विचारलं. ती म्हणाली, “तेव्हा मला वाटलं, माझाच हात वाईट हाय.”

हे वाक्य मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. आज लिहितेय.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून मी कर्जतच्या बाजारात लोहाराकडे गेले. “डावा विळा करून द्या.” लोहाराने हातोडी खाली ठेवली. “बाई, माझ्या बापानं केला नाय, मी केला नाय. असा विळा कोन मागतं?” मी म्हटलं, “मी मागतेय. अर्ज लिहून देऊ का?” तो हसला आणि कामाला लागला. पहिला विळा तयार झाला तो हुबेहूब उजवाच. सवयीने त्याने दाते नेहमीच्याच बाजूने पाडले होते. स्वतःच्या हाताकडे बघत तो म्हणाला, “आयला, हात ऐकत नाय.” मी म्हटलं, “आमच्याकडं पन तोच घोळ हाय.” दुसरा विळा बरोबर झाला.

सावडीच्या पहिल्या सकाळी आम्ही तिघं शेतावर गेलो. दर्शू, गळ्यात हात अडकवलेला दादा आणि मी. भात गुडघ्यापर्यंत ओलं होतं. दर्शूने डाव्या हातात विळा घेतला आणि रांग थबकली. कुणीतरी बोललंच, “परत डाव्या हातानं? आधी काकूंचं बोट बगा.” खरंच होतं. रांगेत मध्ये कुठेही उभी केली तरी तिचा विळा आणि डावीकडच्याचा विळा समोरासमोर येणार. दर्शू मान खाली घालून उभी. मी भांडायच्या तयारीत पदर खोचला होता, पण भांडून करणार काय, जागाच नव्हती.

अनसूयाकाकूंनी पुढे येऊन तिच्या हातातला विळा घेतला. उन्हात धरून बघितला, अंगठ्याने दाते चाचपले. त्यांची ती टोक गेलेली करंगळी विळ्याच्या मुठीवर अलगद उभी होती. मग त्यांनी बांधावर ठेवलेली आपली पाण्याची बाटली उचलली, एक पात उजवीकडे सरकल्या आणि बाटली तिथे टेकवली.

“हितं ये. बांधाकडं,” त्या दर्शूला म्हणाल्या. “डाव्या अंगाला बांध हाय. बांधाला बोटं नसत्यात.”

“काकू, ही तुमची पात हाय.”

“पात शेताची असते गं. काप आता, ऊन वर आलं.”

झालं. एवढंच. सहा वर्षांत आमच्यापैकी कुणालाही हे सुचलं नव्हतं. एका माणसाने एक जागा सरकायची होती. त्याऐवजी आम्ही एका मुलीचा अख्खा हात बदलून टाकला होता. मी बांधावर बसले आणि सगळ्यांसमोर रडले. दादा म्हणाला, “रडू नको, भात अगुदर वलं हाय.”

पहिले तीन दिवस दर्शू मागे पडायची आणि सगळी रांग तिच्यासाठी रेंगाळायची. कुणी कुरकुर केली की काकू नुसत्या वळून बघायच्या. पाचव्या दिवशी ती रांगेबरोबर होती. दहाव्या दिवशी रांग तिच्यामागे धावत होती आणि बायका ओरडत होत्या, “अगं ए, जरा दम खा, आमची कंबर गेली!” विळ्याचा तो खर्रर्र खर्रर्र आवाज माझ्या कानात अजून आहे. वाकलेली दर्शू, पाठीवर घामाचा नकाशा, डावं मनगट आत वळतंय आणि कमरेतून ओढ येतेय. संध्याकाळी शेडवर सर पॅड धरायचे. एके दिवशी त्यांनी फोन करून विचारलं, “कापणीला नाही ना पाठवत तिला?” मी म्हटलं, “रोज पाठवते. डावा विळा देऊन.” ते म्हणाले, “मग पाठवत राहा.”

आमच्या शेताची पाळी सगळ्यांत शेवटी होती, आणि ती आली नेमकी पुण्याच्या लढतीच्या दिवशी. त्यात आभाळ भरून आलं. अवकाळी पाऊस पडला तर उभं भात झोपणार. दादा अंगणात येरझाऱ्या घालत होता. तेव्हा अनसूयाकाकू कुंपणापलीकडूनच म्हणाल्या, “तुमी दोघी जावा पुन्याला. आमी हाव की हितं.”

पुण्याचा तो हॉल, ट्यूबलाइटचा पांढरा उजेड, घामाचा आणि औषधाचा वास. समोरची मुलगी दर्शूपेक्षा डोकंभर उंच. पहिली फेरी दर्शूला जड गेली. दुसरी बरोबरीची झाली असं शेजारच्या बाई म्हणाल्या. मला कळत नव्हतं, मी फक्त एक हात बघत होते. तिसऱ्या फेरीत दर्शू दमली. मला भीती होती ती याच वेळेची. दमलेलं शरीर जुन्या सवयीकडे पळतं. समोरची मुलगी आत आली. दर्शूचा डावा हात निघाला.

मध्ये त्याला कुणी धरलं नाही.

तो जाऊन पोचला. एकदा, मग पुन्हा, मग पुन्हा. समोरच्या मुलीला कळेचना की हे येतंय कुठून. घंटा झाल्यावर मधोमध उभ्या पंचाने एका बाजूला दर्शूचा आणि दुसऱ्या बाजूला त्या मुलीचा हात धरला, निकाल पुकारला आणि दर्शूचा हात वर केला. डावा. तो त्या बाजूला उभा होता म्हणून असेल. पण मी ते माझ्यापुरतं वेगळं धरलं आहे. मी काय ओरडत होते ते आठवत नाही. शेजारच्या बाईंनी मला पाण्याची बाटली दिली आणि विचारलं, “तुमची मुलगी का?” मी म्हटलं, “हो.” अर्जात असं खोटं मी कधी लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी एसटीतून उतरून आम्ही थेट शेतावर गेलो. पाऊस पडला नव्हता. आमचं सगळं भात कापून आडवं पडलं होतं. फक्त बांधाच्या कडेने एक पट्टा उभा होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सोन्यासारखा पिवळा. बांधावर आळीतली सगळी माणसं बसली होती. दादाने डावा विळा पुढे केला. काकू म्हणाल्या, “तुझी ठेवली हाय. कापून टाक, मंग च्या पिऊ.” दर्शूने गळ्यातलं पदक काढलं नाही, नुसतं पाठीवर टाकलं आणि वाकली. वीस मिनिटांत पात संपली. चहा तोवर उकळलासुद्धा नव्हता.

आता ती हरियाणात आहे, देशाच्या संघासाठीच्या शिबिरात. गेल्या वर्षी राष्ट्रीय स्पर्धेत रौप्य मिळालं. यंदा काय होईल ते माहीत नाही. तिथे सकाळी थंडी फार असते म्हणते, आणि भाकरी मिळत नाही. शिळफाट्याला सुर्वे सर नव्या पोराला आता पहिला प्रश्न विचारतात, “जेवतोस कुठल्या हाताने?” दादाचा हात बरा झाला, पण दात तो अजून डाव्या हातानेच घासतो, म्हणतो, सवय लागली.

यंदा आमच्या शेतात सावड होती गेल्या रविवारी. या वेळी आमच्या घराचं माणूस दादा. मी दुकानाला कुलूप लावून चहा घेऊन गेले. रांग उभी राहत होती. अनसूयाकाकू आल्या आणि दुसऱ्या पातीवर उभ्या राहिल्या. बांधाची पात मोकळी. आळीत नव्याने लग्न होऊन आलेली एक सून तिथे जायला लागली तशी काकू म्हणाल्या, “तिथं नको गं. ती दर्शूची हाय.” दुपारपर्यंत शेत कापून झालं आणि तो एक पट्टा एकटाच उभा राहिला. कुणी त्याला हात लावेना.

मी घरी गेले, खुंटीवरचा डावा विळा काढला आणि परत आले. डाव्या हातात धरला, वाकले. पहिला ठोंब अर्धा कापला गेला, अर्धा मुळासकट हातात आला. बायका हसल्या. दुसरा बरा निघाला. दहाव्या ठोंबापाशी मनगट दुखायला लागलं, बोटं वळेनात, आणि मला समजलं की आपला नव्हे तो हात वापरायला लावणं म्हणजे काय असतं. बारा वर्षांच्या पोरीला मी हे करायला लावलं होतं, वर्षानुवर्षं, आणि तिने एकदाही हूं की चूं केलं नव्हतं. त्या पातीत वाकलेली असताना मी तिची माफी मागितली. मोठ्याने नाही. काकू माझ्या उजव्या अंगाने रिकाम्या हाताने चालत होत्या, पावलापावलाने, आणि म्हणत होत्या, “सावकाश. बोटं जागेवर ठेव.”

संध्याकाळी दर्शूचा फोन आला. “आत्या, माझी पात कुणी कापली?”

“मी.”

“कुठल्या हातानं?”

“डाव्या.”

तिने लगेच विचारलं, “किती वेळ लागला?”

“दीड तास.”

“दीड तास? आत्या, अगं मला वीस मिनिटं लागतात!”

मला दीड तास लागला. दर्शूला वीस मिनिटं लागतात. कापणी संपली की दुकानात पुन्हा गर्दी होईल. ज्याला जो अर्ज हवा तो मी लिहून देईनच, पण आधी हे ऐकावं लागेल.